परक्यांसाठी हाक

खिशातून हातात आला तो पुठ्ठ्याचा गोल तुकडा – हॉटेलात ग्लासाखाली ठेवायचा – आणि त्यावर ओलसर डागाखाली ‘महालो – धन्यवाद’, ‘ए कोमो माई – या, स्वागत’... सकाळभर हॉटेलातल्या नोकरीत हाऊनानी पाहुण्यांकडून बेटावरच्या भाषेतले हेच शब्द म्हणवून घेत होती. ते हसत होते, तीही पगारापुरती हसत होती. आता वृद्धाश्रमात पेन शोधताना तोच तुकडा पुन्हा हातात, आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

“तुमची आई दिवसभर ओरडते हो,” मारिसेल नर्स म्हणाली. “दारावरून कुणी गेलं की झालीच सुरू! डॉक्टर म्हणतात, झोपेचं औषध वाढवू. तुम्ही सही तेवढी करा.”

ओरडते? अगं बाई, ती जेवायला बोलावते आहे! हिलो गावच्या घरी ओसरीवर बसून ती हेच करायची – रस्त्यानं जाणारा ओळखीचा असो-नसो, ‘हेले माई, ए अइ’, ये, जेवून जा – आणि अळूच्या कंदांची लापशीसारखी पोई कमी पडली की पाणी घालून पुरवायची. ह्यावर औषध?

“मी सही करणार नाही.”

“अहो, पण बाकीच्यांना त्रास –”

“त्यांना सांगा, जेवायला या म्हणतेय.”

“असं होय! मला वाटलं, शिव्या घालतेय.”

शिव्या मीच घालीन आता... आणि कुणाला, तर आधी आईलाच. बेटावरच्या त्या भाषेपायी तिनं शाळेत हातावर पट्ट्या खाल्ल्या, म्हणून माझ्याशी जन्मभर इंग्रजी – ‘तुझं भलं होईल, हाऊनानी’ – झालं की भलं! आईची भाषा मी नोकरीसाठी पुठ्ठ्यावरून शिकले. रस्त्यावरच्या कुणाही सोम्यागोम्याला ती मिळाली, पोटच्या पोरीला नाही.

आई दारातच चाकाच्या खुर्चीत होती. तिनं हाऊनानीकडे पाहिलं, ओळखलं नाही, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “हेले माई, ए अइ!”

ह्यावर काय म्हणायचं असतं? रस्त्यावरची माणसं हसून काहीतरी म्हणत, लहानपणी हाऊनानी पायरीवर बसून ते रोज ऐकत असे, आणि आता एक शब्द आठवेना. पुठ्ठ्यावर तर नव्हताच... परकी समजून का होईना, आई आज पहिल्यांदा तिच्याशी त्या भाषेत बोलली होती – आणि ह्याचाच तिला सगळ्यांत जास्त राग आला, इतका की ती तिथेच फरशीवर बसली, आणि आई पुन्हा हाक मारेल म्हणून वाट पाहू लागली.