परत पाठवणाऱ्याचं नाव

रविवारी सकाळी लाखनीच्या घराची सपरी, म्हणजे पुढची ओसरी, माणसांनी भरली आणि आमदार सुलोचनाबाईंचं डोकं ठणकायला लागलं. नागपूरला अधिवेशन चालू होतं. सुट्टी म्हणून बाई घरी आल्या, तर चहाचा कप तोंडाला लागायच्या आत भाचा धनंजय मोबाइल घेऊन उभा.

"मामी, पहिले कोणाचा फोन लावू?"

"पहिले त्यांना पाणी दे."

फोन म्हणजे सरकारी दवाखान्याला फोन. आमदाराचा फोन गेला की खाट निघते, नाही गेला की खाट नसते, हे सगळ्या तालुक्याला पाठ झालं होतं.

शुक्रवारी सभागृहात सुलोचनाबाई यावरच बोलल्या होत्या. आरोग्यसेवेचं नवं विधेयक आलं होतं. पानंच्या पानं कलमं, पण चुकलं तर जबाबदार कोण, हे कुठेच नाही. त्यांनी साधी सुधारणा मांडली. दवाखान्याने रुग्णाला परत पाठवलं, तर का पाठवलं आणि कोणी पाठवलं, ते नावानिशी लिहून द्यायचं. मंत्री गोड हसले. "सन्माननीय सदस्यांच्या भावना शासनाला समजल्या आहेत. त्यांनी सुधारणा मागे घ्यावी." निर्णय सोमवारवर गेला.

समजलेल्या भावनांचा बाईंना वीट आला होता. पहिल्यांदा निवडून आल्या तेव्हा धान कापताना साप चावून एक मजूर बाई लसीवाचून गेली होती. लसीसाठी त्या घसा फोडून बोलल्या. 'तपासून पाहू' असं आश्वासन मिळालं, त्यांनी ठराव मागे घेतला, बाकं वाजली. ते मंत्री गेले, त्यांच्या मागून आलेलेही गेले. तपासणं अजून चालूच आहे.

लग्न होऊन लाखनीला आल्या तेव्हाचे डॉक्टर त्यांना आठवत. सायकलला पेटी बांधून गावोगाव जायचे. इलाज हातचा नसला तर सरळ म्हणायचे, "माझ्याच्यानं होणार नाही. पुढं न्या, मी पाठवलं म्हणून सांगा." आता कोणी पाठवलं म्हणून विचारलं, तर भिंतीला विचारल्यासारखं.

तेवढ्यात एकोडीची कलाबाई सून राखीला धरून पुढे आली. राखीचे दिवस भरले होते. पाय सुजून टम्म झाले होते.

"काल इथल्या दवाखान्यात नेलं होतं वो बाई. बीपी वाढलं, इथं नाही होत म्हणे, मोठ्या दवाखान्यात न्या. तिथं नेलं तं खाट खाली नाही, उद्या या म्हणे. पोराचा ऑटो नुसता हिंडून राहिला."

"उद्या या, असं कोण म्हणालं?"

"आता कोणाचं नाव सांगू? होते कोणी. तुमी फोन लावा न."

बाईंनी राखीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग धनंजयच्या हातातला मोबाइल बंद केला. "गाडी काढ. मी येते."

रस्त्याच्या दोन्ही अंगांनी शेतांच्या बांध्यांत कापलेल्या धानाचे पुंजणे रचून होते. राखी डोळे मिटून कण्हत होती. गाडी मोठ्या दवाखान्याच्या दारात थांबली आणि खाट निघाली, धुतलेल्या चादरीसकट. डॉक्टर लगबगीने आले.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेतला? फोन करायचा होता."

"काल हिला परत कोणी पाठवलं?"

"परत असं... कोणी पाठवलं नसेल."

"मग ती स्वतःच फिरायला निघाली होती का, नवव्या महिन्यात?"

डॉक्टरांनी आवाज खाली केला. "जागा रिकाम्या आहेत बाई. मी एकटा. कोणाकोणाला घेऊ?"

"तेच लिहून द्या ना. डॉक्टर नाहीत म्हणून परत पाठवलं, खाली सही. तो कागद मी मंत्र्यांपुढे धरते."

"आणि माझी बदली?"

बाईंनी कपाळाला हात लावला. बाकावर आणखी एक बाई पोटाशी पाय घेऊन पडली होती. तिचा नवरा हात जोडून म्हणाला, "आमच्यासाठी बी एक शब्द टाका न." बाईंनी टाकला. दुसरी खाट निघाली. ती काल कुठे होती, हे विचारायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

कलाबाई मात्र हरखली होती. "तुमचा कायदा-बियदा राहू द्या बाई. चिठ्ठीनं कोणाचं बाळंतपण होते का? तुमचा फोन आहे न."

परतताना धनंजय म्हणाला, "कलाबाई खरं बोलली, मामी. चिठ्ठी भेटली तं लोक आपल्या सपरीत कायले येतील? अन् मत कायले देतील?"

"नाही आले तर मी चहा गरम पिईन."

संध्याकाळी दोन फोन आले. राखीला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, हा पहिला. दुसरा पक्षाच्या प्रतोदांचा.

"ताई, उद्या तेवढी सुधारणा मागे घ्या. सरकार आपलंच आहे."

"आपलं आहे म्हणूनच सांगते आहे. परक्याला कोण सांगत बसतं?"

"पुढच्या तिकिटाचं कठीण होईल."

"होऊ द्या कठीण," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सोमवारी अध्यक्षांनी विचारलं, "सन्माननीय सदस्या सुधारणा मागे घेत आहेत काय?" बाकं वाजवायला हात तयारच होते.

"नाही, अध्यक्ष महाराज."

हात तसेच राहिले. आवाजी मतदान झालं. 'होय' दोन-चार, 'नाही'चा गलका. सुधारणा फेटाळली गेली. सुलोचनाबाई उभ्याच होत्या.

"मी मतविभागणी मागते."

शेजारचे सदस्य कुजबुजले, "ताई, काहून? हरून राहिल्या न तुम्ही."

"मला दिसतं आहे. सुधारणा परत पाठवायची असेल तर पाठवा. कोणी पाठवली ते नावानिशी लिहिलं जाऊ द्या."

घंटा वाजू लागली. एकेक सदस्य कुरकुरत उठला. नावं लिहून घेणाऱ्या कारकुनापुढे रांग लागली. प्रतोदांनी आपलं नाव इतकं हळू सांगितलं की कारकुनाने ते पुन्हा विचारलं.