मलावीची नाचणी

म्हैसूरच्या मेटगळ्ळीतला मळणीयंत्रांचा कारखाना शंभूरावांनी उभा केला, पण आता तो चालवत होती त्यांची मुलगी रक्षिता. आलेल्या माणसाला शंभूराव आधी आपले पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते हे सांगत. रक्षिता त्याला सरळ यंत्रापाशी नेई.

त्या दिवशी आलेले पाहुणे लांबचे होते. भारत आणि आफ्रिकेतला मलावी या दोन देशांमध्ये शेतीच्या सहकार्याचा करार व्हायचा होता. तिथंही डोंगरउतारावर नाचणी पिकते आणि बायका ती काठीनं झोडपून काढतात. भारतानं मळणीयंत्रं भेट द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी रक्षिताचं यंत्र निवडलं. दुसऱ्या दिवशी बंगळुरात सह्या होणार होत्या.

पाहुण्यांमध्ये चिकोंडी नावाची एक इंजिनियर होती. रीतसर परवानगी काढून तिनं यंत्रात घालून बघायला आपल्याकडच्या नाचणीच्या कणसांची पिशवी आणली होती. ती पाहून शंभूरावांनी मुलीला बाजूला घेतलं.

"आपलीच रागी घाल, इथली नाचणी. सह्या होऊ देत, मग बघू."

"बेडा, अप्पा," रक्षिता म्हणाली. नको म्हणजे नको. "तिथं जे व्हायचं ते आज इथंच होऊ दे."

आणि झालंच. चिकोंडीची कणसं यंत्रात घातली, तर निम्मे दाणे कणसातच राहिले, उरलेले भरडून बाहेर पडले. दिल्लीहून आलेल्या अधिकाऱ्यानं घाईघाईनं चहाचा विषय काढला. मोटर बंद करून रक्षिता चिकोंडीशेजारी कणसं चिवडत बसली. ही कणसं मुठीसारखी घट्ट मिटलेली होती. रक्षिताचं यंत्र बेतलं होतं म्हैसूरकडच्या मोकळ्या कणसांसाठी. मग चिकोंडीनं विचारलं, हे उचलायला किती माणसं लागतात? त्यांच्या वरच्या गावांना ना रस्ता, ना वीज. बायकांना डोक्यावरून नेता येईल तेवढंच तिथं पोचतं.

आपण मंजूर झालेल्या नकाशाप्रमाणेच यंत्र केलंय, हे वाक्य रक्षिताच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं आणि अधिकाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, सह्या उद्याच होऊ देत. पण आम्ही यंत्र भेट देणार असं लिहू नका. दोन्ही देश मिळून तयार करणार, असं लिहा."

मसुदा केव्हाच पक्का झालाय, आता कोण बदलणार, असं तो म्हणाला. रक्षिता जागची हलली नाही. चिकोंडीनंही आपल्या वरिष्ठांना तेच सांगितलं. शेवटी अधिकारी अंगणात जाऊन बराच वेळ फोनवर बोलत राहिला. दुसऱ्या दिवशी सही झाली ती बदललेल्या कलमावर.

शिष्टमंडळ परतलं, चिकोंडी मात्र नव्या यंत्रासाठी म्हैसुरातच नजरबादला खोली घेऊन राहिली. दोघींचं रोज वाजायचं. रक्षिताला यंत्र दणकट हवं, चिकोंडीला हलकं. पायानं चालवायचं पहिलं यंत्र दाणे भरडत होतं, दुसऱ्याचा सांगाडाच वाकला. त्या संध्याकाळी चिकोंडी लवकरच निघून गेली. ही आता परत जाणार, असं रक्षिताला वाटलं. सकाळी येऊन पाहते तो चिकोंडी तिच्याआधीच हजर, वाकलेला सांगाडा उलटा करून बसलेली.

पुढचं यंत्र सुटं होणारं केलं. कारखान्यातल्या बायकांनी त्याचे भाग डोक्यावर घेऊन अंगणाला फेऱ्या मारल्या, एक भाग जड म्हणून नापास केला. तोही बदलला. मग पिशवीतली उरलेली कणसं घातली आणि दाणे अख्खे खाली आले.

त्यानंतर चिकोंडीनं आणखी एक गोष्ट मागितली. सुटे भाग मलावीतच बनावेत, त्यासाठी तिथले दोन कारागीर इथं शिकायला यावेत.

"सगळं शिकवलंस की आपल्याकडे कोण येणार?" शंभूरावांनी विचारलं.

"अप्पा, ऐन मळणीत पट्टा तुटला तर त्या बायकांनी म्हैसूरच्या वाटेकडे डोळे लावून बसायचं?"

शंभूराव दोन दिवस कारखान्यात फिरकले नाहीत. रक्षितानं कारागिरांना बोलावणं धाडलंच.

कारागीर येणार त्या सकाळी ती गाडीची किल्ली शोधत होती. किल्ली शंभूरावांच्या हातात होती. इस्त्रीचा शर्ट घालून ते दाराशी उभे होते.

"तू कारखान्यात जा," ते म्हणाले. "स्टेशनला मी जातो. एवढ्या लांबून येतायत, घरचं वडीलधारं कुणीतरी सामोरं जायला पाहिजे."