कात्रीतून वाचलेला पडदा

मी उमरखेडच्या गोपालभाऊंच्या बैठकीतला पांढरा पडदा. बोलू द्या मला थोडं. या घरात हातांनी बोलणं जास्त चालतं.

गोपालभाऊंच्या बायकोला, विमलताईंना, जन्मापासून ऐकू येत नाही. लेक समीक्षा नाशिकला बाळंत झाली. बाळ अपुऱ्या दिवसांचं, काचेच्या पेटीत. विमलताईंचा पाय मोडलेला, जाता येईना. फोनवर लेकीचे हात त्यांच्या अधू नजरेला दिसेनात. म्हणून प्रोजेक्टर आला, आणि रहमतभाईंच्या दुकानातून मी.

गोपालभाऊ सिनेमाचे शौकीन. "रहमतभाई, टॉकीजसारखा लांबट पाह्यजे मले. खालून काप."

रहमतभाईंनी मला बैठकीच्या भिंतीवर टांगलं, खडूनं माझ्यावर आडवी रेघ ओढली, कात्री उघडली. माझा तर जीवच गेला! तेवढ्यात विमलताईंनी त्यांचा हात धरला. आधी लेक दाखवा, त्यांनी खुणेनं सांगितलं.

प्रोजेक्टर लागला. समीक्षानं फोन आडवा ठेवला होता. तिचा चेहरा रेघेच्या वर, पण बोलणारे हात रेघेच्या खाली.

"चित्र लहान करतो ना," म्हणत गोपालभाऊंनी ते रेघेच्या वर बसवलं. समीक्षा एवढीशी झाली. विमलताई डोळे बारीक करून पाहत राहिल्या, मग त्यांनी मान हलवली. नाही दिसत.

गोपालभाऊंनी चित्र पुन्हा मोठं केलं. "राहू दे भाऊ, कापू नको. माह्या सिनेमाच्या वर-खाली काळी पट्टी आली तं काय बिघडते?"

रहमतभाई हसले. "मी बी तेच म्हनून राह्यलो होतो मनात."

समीक्षाचे हात भरभर हलू लागले. विमलताईंचे डोळे भरून आले. इतक्या भरभर खुणा गोपालभाऊंना कळेनात, ते घाबरले, "काय झालं? काय म्हनते पोरगी?"

विमलताईंनी दोन्ही हातांची ओंजळ करून छातीशी नेली. बाळ पेटीतून बाहेर आलं होतं, आईच्या कुशीत! गोपालभाऊ लहान पोरासारखे रडले.

पडदा घेणाऱ्यांनो, दुसऱ्याची टॉकीज पाहून माप ठरवू नका. आपल्या घरात रोज काय पाहायचं आहे ते आधी भिंतीवर पाहून घ्या.

आता समीक्षा बाळाला घेऊन माहेरी आली आहे. आठवडा झाला, मला कोणी उघडलेलं नाही. मी गुंडाळलेला पडून आहे, आणि फार सुखात आहे.