पाहुण्यांसाठी कुलर

पाहुणा आला की तात्यासाहेबांना काय करू नि काय नको असं होतं. मग ते घर असो की वर्कशॉप. भर मे महिन्यात त्यांच्या चिकलठाण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तपासनीस मंजुषा राजहंस आल्या, तेव्हा ऑफिसातला कुलर उचलून थेट त्यांच्या खुर्चीशेजारी आणला गेला. विमानाच्या कामाची पहिली ऑर्डर पदरात पडायची, तर मॅडमना घाम येऊन कसं चालेल?

मॅडम तपासायला आल्या होत्या ते यंत्र तात्यासाहेबांच्या पुतणीनं, श्रेयानं, बनवलेलं. इंजिनातलं तेल थंड होण्याआधी किती गरम असतं आणि नंतर किती, यातला बारीकसा फरक ते दाखवतं. चाचणी सोपी होती. यंत्राच्या दोन्ही सळ्या गरम तेलाच्या एकाच भांड्यात बुडवायच्या. तेल एकच, म्हणजे फरक शून्य. कालपर्यंत शून्यच यायचा. आज काही केल्या येईना.

 श्रेयानं सळ्या पुसल्या, तेल ढवळलं. मग तिचं लक्ष टेबलावरच्या डबीकडे गेलं. सळ्यांच्या तारा त्या डबीत जोडलेल्या होत्या, आणि कुलरचा झोत नेमका डबीच्या एका बाजूवर येत होता. डबीतले तारांचे सांधेही सळ्यांसारखेच गरम-गार ओळखतात; आता एक बाजू गार, दुसरी गरम. आकडा हलणारच.

ती काकांच्या कानाशी लागली. "काका, कुलर बंद करावा लागंल."

"येडी झाली का? पाहुण्याच्या अंगावरचा वारा काढायचा? लोकं काय म्हणतील?"

श्रेयानं सरळ बटण बंद केलं आणि मॅडमना कारण सांगितलं. तात्यासाहेब मेल्याहून मेल्यासारखे झाले. शेड तापत गेली, मॅडमची ओढणी घामानं भिजली, आणि आकडा हळूहळू उतरत शून्यावर येऊन थांबला.

"बघा मॅडम, यंत्र एकदम चोख हाय!" तात्यासाहेबांचा चेहरा खुलला. "सगळा घोळ त्या कुलरचा."

मॅडमनी कपाळ पुसलं. "ही डबी विमानात कुठे बसणार?"

"इंजिनाशेजारी," श्रेया म्हणाली.

"तिथे वारा नसतो?"

 डबीला वाऱ्यापासून आडोसा हवा, हे श्रेयाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या शेडमध्ये वारा म्हणून कधी यायचाच नाही. मॅडमनी 'नापास' लिहिलं, चहा घेतला आणि त्या निघून गेल्या.

तात्यासाहेब खुर्चीत बसले. "माझ्याच हातानं घात झाला गं. कुलर आणला नसता त आज पास झालो असतो."

श्रेयानं टेबलावरची डबी उचलली.

"व्हय काका," ती म्हणाली. "पास झालो असतो. अन् हे यंत्र तसंच विमानात बसलं असतं."