चौदातली सहा

त्या भागात तिला सगळे बाइंडरताई म्हणत. ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं, शाळांची हजेरीपुस्तकं, ऑफिसांची जाडजूड रजिस्टरं, जे काही उसवलं, सुटलं, पाठीतून मोडलं, ते तिच्याकडे यायचं आणि धड होऊन परत जायचं. वडिलांनी हयातीतच घराचे दोन भाग करून ठेवले होते. मधे एक भिंत, एका अंगाला ताई, दुसऱ्या अंगाला धाकटी बहीण, तिचा नवरा आणि त्यांची मुलगी. गच्ची मात्र सलग. मधे गुडघ्याएवढा कठडा होता तेवढाच. ताईनं लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारे एकेक करून दमले आणि ताई मजेत पन्नाशी ओलांडून पुढं गेली.

धाकटीचा नवरा वायरमन होता. कामाला चोख, बोलायला त्याहून चोख. ताईच्या कामाच्या खोलीतला पंखा नुसता कुरकुरला तरी हातातलं काम टाकून यायचा. त्यामुळं वीज कंपनीनं जेव्हा घरावरच्या सोलरची योजना आणली, वापरून उरलेली वीज कंपनीला द्यायची आणि तिचे पैसे दर महिन्याला आपल्या खात्यात, तेव्हा ताईनं दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही. म्हातारपणासाठी ठेवलेली ठेव तिनं मोडली आणि सगळा कारभार मेहुण्याच्या हाती दिला.

"तुमची गच्ची म्हणजे सोनं आहे, ताई," तो म्हणाला होता.

खोटं नव्हतं ते. तिच्या बाजूला सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन. धाकटीच्या बाजूवर मात्र शेजारच्या तीनमजली इमारतीची सावली दुपार व्हायच्या आतच येऊन बसायची. म्हणून ताईकडे चौदा पॅनेलं लागली आणि धाकटीकडे, आपली नावाला असावीत म्हणून, सहा. दोन्हीकडचं काम मेहुण्यानंच केलं. कागद आले, ताईनं सह्या केल्या. जन्मभर लोकांचे कागद शिवत आलेल्या बाईनं स्वतःचे कागद उलटूनही पाहिले नाहीत. घरातल्या माणसानं पुढं केलेला कागद वाचायला घ्यायचा म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा, असं तिला वाटलं.

पहिल्या महिन्याचे पैसे जमा झाले तेव्हा ती जरा हिरमुसली. मेहुण्यानं समजावलं, सुरुवातीला असंच असतं. मग धूळ झाली, मग ढग झाले, मग वायरमध्ये वीज मुरते ते झालं. वर्षभरानं कळलं की धाकटीकडे सावलीतल्या सहा पॅनेलांवर तिच्यापेक्षा जास्त पैसे येतात. ताईनं सहज विचारलं, तर मेहुणा हसून म्हणाला, की तुमचं ते कागद कापायचं मशीन आहे ना, ते बकासुर आहे, उरणार कुठून? धाकटी म्हणाली, "आम्ही फार जपून वापरतो गं."

हे ताईच्या मनाला लागलं. आपण उधळ्या आहोत असं तिला कधी कुणी म्हटलं नव्हतं. तिनं विजेच्या मशीनवर कापड टाकलं आणि माळ्यावरचं वडिलांच्या वेळचं हातकटर खाली काढलं. लांब लोखंडी दांडा सगळं अंग टाकून खाली ओढायचा, की पाचशे पानांची कड एका दमात उतरायची. एकदा ठीक, दहादा ठीक. दिवसाला साठ-सत्तर वेळा ओढून दोन वर्षांत तिचा उजवा खांदा कामातून गेला. हात डोक्यापर्यंत जाईना, वेणी घालता येईना. डॉक्टरांनी मलम दिलं आणि दांडा ओढायचा नाही म्हणून सांगितलं. तिनं मलम तेवढं घेतलं. ते चोळायला संध्याकाळी धाकटी यायची. बोलत बोलत, हलक्या हातानं चोळायची. ताईला वाटायचं, आपल्याला माणसं नाहीत असं कोण म्हणेल?

दर रविवारी ताई पॅनेलं धुवायची. डावा हात वापरून, मऊ फडक्यानं, एकेक काच पुसून काढायची. चौदाच्या चौदा. धाकटी कठड्याशी उभी राहून पाण्याची बादली पुढं करायची. अशी सात वर्षं गेली.

सातव्या वर्षी कंपनीनं जुने मीटर बदलायला घेतले. त्या कामावर एक मुलगी आली. खांद्याला हत्यारांची पिशवी, पायात जाड बूट, बोलणं मोजकं. तिनं खाली मीटर बदलला, जिन्याखालचा, पॅनेलांची वीज घरात घेणारा इन्व्हर्टर पाहिला आणि गच्चीवर जायचं आहे म्हणाली. वर जाऊन तिनं पॅनेलं मोजली, परत खाली आली, इन्व्हर्टरवरची पट्टी वाचली आणि पुन्हा वर गेली. ताईही तिच्यामागे गेली.

"मावशी, पॅनेलं नंतर वाढवलीत का?"

ताईनं सांगितलं, पहिल्या दिवसापासून चौदाच आहेत.

"मग हा इन्व्हर्टर चुकलाय. हा आठांच्या मापाचा आहे. चौदा याला झेपणारच नाहीत."

तिनं पिशवीतून चिमट्यासारखं एक यंत्र काढलं आणि पॅनेलांमागच्या वायरी एकेक करून त्यात धरून पाहिल्या. आठांची वायर जिन्याकडे जात होती. उरलेल्या सहांची वायर एका पांढऱ्या नळीतून गच्चीच्या कडेनं निघाली होती. मुलगी वाकून नळीबरोबर चालत गेली. नळी कठड्याच्या पायाशी एका भोकात शिरत होती. भोकाभोवती सिमेंट नीट लिंपलेलं होतं, वरून कठड्याचाच रंग दिलेला. मुलीनं कठड्यावरून पलीकडे डोकावून पाहिलं. नळी तिकडे बाहेर पडून थेट धाकटीच्या जिन्यात उतरत होती.

"पलीकडे कोण राहतं?" तिनं विचारलं.

"बहीण," ताई म्हणाली.

मुलगी थोडा वेळ यंत्र पिशवीत ठेवत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, की मला हे अहवालात लिहावं लागेल. पण अहवाल उद्या दुपारी जातो. घरातलं प्रकरण आहे, तुम्ही आधी बोलून घ्या. सकाळी मी फोन करीन.

ती गेल्यावर ताई गच्चीवरच थांबली. तिला राग आला नव्हता अजून. ती मनातल्या मनात धाकटीला बाजूला काढत होती. त्यानं केलं असेल. धाकटीला वायरींमधलं काय कळतं? बिचारीला माहीतही नसेल, आणि आता हे तिला सांगायचं कसं? आपण फसलो याचं दुःख व्हायच्या आधी तिला बहिणीच्या संसाराचं भय वाटलं.

चारच्या सुमाराला धाकटी वाळलेले कपडे काढायला वर आली. ताईनं शक्य तितक्या हळू सांगितलं. नळी दाखवली. धाकटी हातातली चादर चौकोनी घडी पडेपर्यंत दुमडत राहिली.

"ह्यांना विचारते मी," ती म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला कळत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून तर तुला आधी सांगितलं. तू घाबरू नकोस."

त्या 'घाबरू नकोस'नं काय झालं कुणास ठाऊक. धाकटीनं चादर कठड्यावर आपटली.

"ताई, तुला एकटीला लागतं तरी किती?"

वाऱ्यानं दोरीवरचे कपडे हलत होते. ताईनं एकच विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्यापासून."

"मी हातानं कागद कापत होते तेव्हा?"

धाकटीनं कठड्यावरची चादर पुन्हा उचलली.

"माझा खांदा चोळत होतीस तेव्हाही?"

"म्हणून तर चोळत होते," धाकटी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. पण आवाज मऊ झाला नाही.

ताईनं विचारलं, की पैसे हवे होते तर मागायचे होतेस, मी कधी नाही म्हटलं होतं का? आणि या प्रश्नाचं जे उत्तर मिळालं ते तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"हेच," धाकटी म्हणाली. "तू कधीच नाही म्हणाली नाहीस. फ्रॉक तुझे, पुस्तकं तुझी, लग्नातली पेटी तुझ्या पैशांची, पोरीची फी तू भरलीस. दर वेळी मी येऊन उभी राहायचं आणि तू लगेच पाकीट काढायचं. मला कंटाळा आला होता मागायचा. हे निदान मागावं लागत नव्हतं."

ताईला कठड्यावर बसावंसं वाटलं, पण तो कठडा नको वाटला. ती उभीच राहिली. आपण दिलं त्यातला एकेक दिवस तिला आठवत होता, आणि प्रत्येक दिवशी समोरची ही हसत होती, असंच तिला आठवत होतं.

संध्याकाळी मेहुणा आला. तो नेहमीसारखा दार वाजवून आत शिरला नाही, उंबऱ्याशीच थांबला. सहा पॅनेलं महिनाभरात परत जोडून देतो, गेले ते पैसे हप्त्यानं देतो, फक्त अहवालात जाऊ देऊ नका, माझा परवाना जाईल, असं तो सांगत राहिला. ताई हातातलं पुस्तक शिवत ऐकत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, की इन्व्हर्टर आठांचाच आणायचा हे कधी ठरलं होतं? तो पुन्हा हप्त्यांचंच बोलायला लागला. मन एखाद्या दिवशी फिरतं, माणूस घसरतो, हे ताई समजू शकली असती. पण इन्व्हर्टर दुकानातून निवडून, मोजून आणलेला होता. ठेव मोडून ती पेढीतून बाहेर पडली तेव्हा हाच माणूस तिची पिशवी धरायला पुढं आला होता.

रात्री ती झोपली की नाही हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सकाळी मीटरवाल्या मुलीचा फोन आला.

"लिहा," ताई म्हणाली. "जसं आहे तसं लिहा."

पुढचं सगळं ऑफिसच्या चालीनं, सावकाश झालं. चौकशी झाली. मेहुण्याचा परवाना दोन वर्षांसाठी थांबवला, धाकटीकडचे सोलरचे पैसे बंद झाले. कंपनीनं पाठवलेल्या माणसांनी नवा इन्व्हर्टर लावला, सहाही पॅनेलं ताईकडे वळवली आणि भोक बुजवून टाकलं. त्या महिन्याचे पैसे जमा झाल्याचा निरोप फोनवर आला तेव्हा ताई एका नकाशांच्या पुस्तकाला पुठ्ठा चिकटवत होती. आकडा तिनं वाचला. खरंच मोठा होता. तिला आनंद झाला नाही, आणि आनंद झाला नाही म्हणून स्वतःचाच राग आला. विजेचं मशीन पुन्हा सुरू झालं. खांदा काही पहिल्यासारखा झाला नाही.

लोक दोन्ही बाजूंनी बोलले. सख्ख्या बहिणीवर लिहून दिलं, असं काहीजण म्हणाले, आणि त्यातले दोघे-तिघे तर तिची गिऱ्हाईकं होती. ताईनं त्यांची पुस्तकं वेळेवर बांधून दिली. स्वतःची बाजू सांगायला ती कुठं गेली नाही. सांगायची म्हणजे खांद्याच्या गोष्टीपाशी येऊन थांबावं लागलं असतं, आणि तेवढं तिला कुणापुढं उघडं करायचं नव्हतं.

वर्ष सरता सरता धाकटीच्या घरानं आपला भाग विकायला काढला. गच्ची सामाईक असल्यामुळं ताईची सही लागत होती. या वेळी तिनं कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, एके ठिकाणी तारीख चुकली होती ती दुरुस्त करून घेतली आणि सही केली.

निघायच्या दिवशी टेम्पो भरून झाल्यावर धाकटी दारात आली. केसांत धूळ, हातात काही नाही. ती बारीक झाली होती. ताईच्या मनात आलं, हिला पाणी विचारावं. तेवढ्यात हात खळीच्या भांड्यात असल्याचं तिच्या लक्षात आलं आणि ते राहून गेलं. माफ कर, असं धाकटी म्हणाली नाही. ते ऐकायला मिळेल म्हणून ताई क्षणभर थांबली होती, हे मात्र खरं.

"येते," धाकटी म्हणाली.

या घरातून बाहेर पडणाऱ्याला 'ये' म्हणायची ताईच्या जिभेला जन्माची सवय. शब्द ओठापर्यंत आलाही.

"बरं," ती म्हणाली.

टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला, वळणावर अडखळला आणि पुढं गेला. खळ सुकायला लागली होती. ताईनं पुठ्ठ्याची कड दाबून धरली, ती नीट बसेपर्यंत हात काढला नाही.