ठोक्यांची गल्ली

मोजपट्टी घेऊन आलेला माणूस पॉवर प्रेसखाली वाकला, तसं वहिनीने त्याला कोपराने बाजूला सारलं आणि पत्र्याची पट्टी पुढे सरकवली. ठोका पडला. बिजागरीचं एक पान कापून खालच्या टोपलीत पडलं. माणूस दचकून मागे झाला आणि आपली बोटं जागेवर आहेत ना, ते त्याने पाहून घेतलं.

पट्टी संपेपर्यंत तिने प्रेस थांबवली नाही. मग बटण बंद केलं आणि काय मोजताय म्हणून विचारलं. त्याने सांगितलं ते असं: बिझनेस पार्कची ही जागा वसून पन्नास वर्षं होताहेत, मोठ्या इमारतीच्या लॉबीत जुन्या काळाचं दालन होतंय, त्याच्या मधोमध ही प्रेस ठेवायची आहे आणि तिच्यासाठी चौथरा बांधायचा आहे. काकांनी होकार दिलाय, असंही तो म्हणाला.

काका म्हणजे तिचे सासरे. शेड त्यांच्या नावावर, प्रेसही त्यांच्याच नावावर. तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण मोजपट्टीवाल्यावर राग काढून काय होणार? तिने त्याला माप घेऊ दिलं. तो गेल्यावर हाताखालच्या दोघी बायका तिच्याकडे बघत राहिल्या, तेव्हा तिने नवी पट्टी उचलली.

मुळात ही सगळी जागा वीटभट्ट्यांच्या खड्ड्यांची. खड्डे बुजवून औद्योगिक वसाहत उभी राहिली, तेव्हा सासरे ऐन तारुण्यात होते. रस्ता नव्हता, म्हणून चिखलात फळ्या टाकून, ओंडक्यांवरून घरंगळवत त्यांनी ही प्रेस आणली होती. मग प्रेस घेऊन दुसरा आला, तिसरा आला, आणि बघता बघता दोन्ही बाजूंना प्रेसच प्रेस झाल्या. मधल्या वाटेला लोक ठोक्यांची गल्ली म्हणायचे. दिवसभर असा दणका चाले की शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू येऊ नये. तेव्हा गल्ली हातांनी बोलू लागली. मनगट फिरवलं की डाय, म्हणजे साचा, बदल. तळहातावर बोट घासलं की तेल आण. कानाची पाळी धरली की मालक येतोय. उधार-उसनवार, सोयरिकी, भांडणं सगळं हातांनी व्हायचं. शिव्यांच्याही खुणा होत्या, आणि नवा माणूस त्याच सगळ्यांत आधी शिकायचा.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा गल्ली अर्धी ओस पडली होती. एकेक शेड जाऊन तिथे काचेची इमारत उठत होती. फाटकावरची वसाहतीची पाटी उतरली आणि बिझनेस पार्कची चढली. तिचा नवरा त्यातल्याच एका इमारतीत वरच्या मजल्यावर कसलीशी माहिती सांभाळायच्या नोकरीला लागला. खिडकीतून त्याला शेडचं छप्पर दिसायचं, आणि कुठला पत्रा गंजलाय हे तो रोज घरी येऊन सांगायचा. धंद्याला त्याचा हातभार तेवढाच. सासऱ्यांच्या हाताखाली प्रेस शिकली ती सून. खुणाही शिकली, शिव्यांसकट.

आता ही शेवटची शेड पडायची होती. पार्कवाल्यांनी मागच्या फाटकाशी दुसरी जागा दिली होती, आणि त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. दोन छोट्या प्रेस तिकडे जाणारच होत्या. पण जाड पत्रा कापणारी ही एकच. इस्पितळाच्या खाटांच्या बिजागऱ्या हिच्यावरच निघत. ही लॉबीत जाऊन बसली की ते काम गेलं, आणि त्या कामाबरोबर त्या दोघी बायका आणि ती स्वतः घरी बसणार. तिला घरी बसायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी जेवताना तिने सरळ विचारलं. सासऱ्यांनी ताटावरून मान वर केली नाही, डाव्या हाताने तेवढी खूण केली: पुढचं काम बघ. या घरात सून आणि सासरे असेच भांडत. नवरा बिचारा मध्ये बसून, दोघं कशावरून भांडताहेत याचा अंदाज बांधत असे.

"हातांनी नको, तोंडाने सांगा," ती म्हणाली. "मला न विचारता होय का म्हणालात?"

सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"जन्मभर बिजागऱ्या केल्या," मग ते म्हणाले. "दार उघडताना बिजागरीकडे कोण बघतं? आता कुणीतरी बघेल."

तिला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून जास्तच राग आला. तिने ताटं उचलली, घासली, पालथी घातली. हात पुसत बाहेर आली तोवर तिचं ठरलं होतं.

"द्यायची तर द्या. पण आधी ती कुठे बसणार ते बघून या. मी येते बरोबर."

दालनाचं काम संपत आलं होतं. पार्कच्या व्यवस्थापक बाई स्वतः दाखवायला आल्या. बाई वयाने वहिनीहून लहान, बोलायला गोड, आणि मनापासून खपलेल्या. त्यांना नावं ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर वीटभट्ट्यांचे फोटो होते. एका काचेच्या पेटीत गल्लीत समोरच्या शेडमध्ये काम करणाऱ्या बुटक्याचं ड्रिल ठेवलं होतं, काळंभोर रंगवलेलं. बुटका गेला त्याला बरीच वर्षं झाली. सासरे काचेला नाक लावून उभे राहिले आणि हसले. त्यांना ते आवडलं होतं, हे वहिनीला स्पष्ट दिसलं. आपणच त्यांना इथे आणलं, असं तिला वाटून गेलं.

"आणि आता खास तुमच्यासाठी, काका," बाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. छतातून ठोके ऐकू येऊ लागले. एकामागून एक, मऊ, तालात. तुमची प्रेस मधोमध असेल आणि भोवती तुमच्या गल्लीचा हा आवाज दिवसभर चालू राहील, असं बाई सांगत होत्या.

सासरे मान वाकडी करून ऐकत राहिले.

"हा आमच्या गल्लीचा नाही," ते म्हणाले.

"तुमच्याच शेडबाहेर रेकॉर्ड केलाय, काका."

"तुम्ही बोललात ते मला ऐकू आलं की."

बाईंना उमगलं नाही. आवाज थोडा वाढवता येईल, त्या म्हणाल्या, पण फार नाही, वर माणसं काम करतात. सासऱ्यांनी मान डोलावली, जणू ते बरोबरच होतं. मग वहिनीकडे वळून त्यांनी दोन्ही हातांनी भराभर काहीतरी सांगितलं. तिने एकदाच मान हलवली.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"खाटांचा माल अजून निघायचाय, म्हणाले. प्रेस देता येणार नाही."

बाई हिरमुसल्या. चौथरा बांधून झाला होता, पत्रिका छापून झाल्या होत्या. पण बाई हुशार होत्या. त्यांनी चटकन फोन काढला आणि म्हणाल्या, की मग निदान हे हातांचं बोलणं तरी त्यांना टिपून घेऊ द्यावं. चौथऱ्यावर मोठा पडदा लावू, सगळे बघतील.

सासऱ्यांनी त्या फोनकडे पाहिलं. मग दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात घातले.

"इथे तोंडाने बोलता येतंय," ते म्हणाले. "हात कशाला लागतात?"

दोघं बाहेर आली. सरकता दरवाजा मागे बंद झाला. बाहेर पार्कच्या नव्या इमारतीसाठी खांब ठोकत होते, आणि कानठळ्या बसत होत्या. पायऱ्या उतरतानाच सासऱ्यांचे हात खिशातून निघाले. प्रेस नव्या जागेत दाराशी ठेवायची, उजेड मिळतो. वहिनीने बोट हलवलं: छट, दाराशी नाही, मागच्या भिंतीला, माल आत यायला वाट नको का? सासऱ्यांनी कपाळावर हात मारला आणि तिच्या अकलेबद्दल एक जुनी, ठसठशीत खूण केली. तिनेही मग काही बाकी ठेवलं नाही.

काचेच्या आत जेवणाच्या सुट्टीत निघालेली माणसं थांबली होती. आधी दोघं-तिघं, मग बरीच. कुणीतरी मागच्यांना हात करून पुढे बोलावलं. वहिनीला ती दिसली. म्हाताऱ्याचं तिकडे लक्ष नव्हतं. पायरीवर पाय रोवून, दोन्ही हात वर करून, प्रेस दाराशीच का, हे तो तिला पहिल्यापासून पुन्हा समजावत होता. तिने त्याला थांबवलं नाही.