पाच हजारांना कमी पडलेलं गाव

आन्सो आला तेव्हा मी भट्टीत नारळाची ओली सोडणं टाकली. मुद्दाम.

धुराचा लोट सरळ त्याच्या तोंडावर गेला. तो खोकला, डोळे पुसले, पण उठला नाही. आमच्या राजाच्या, म्हणजे नानांच्या वतीनं चारचौघांत बोलणारा हा माणूस. एरवी सोनेरी मुठीची काठी घेतल्याशिवाय पाऊल टाकत नाही. आज माझ्या मासळीच्या छपरात पालथ्या टोपलीवर बसला होता आणि बगलेत दारूची चौकोनी हिरवी बाटली होती. बाटली पाहिली आणि म्हटलं, याचं काहीतरी अडलेलं दिसतंय.

दारी आलेल्याला आधी पाणी द्यायचं आणि मग कारण विचारायचं, ही रीत वैऱ्यालाही चुकत नाही. माझ्या मुलीनं, एज्यिर्बानं, पाणी आणलं. तो प्याला. उरलेलं जमिनीवर शिंपडलं.

"बोला आन्सो. पाहुण्यांच्या घरी आज तुमचे पाय कसे लागले?"

"एना एफिरवा, जुनं उकरू नका. चांगली बातमी आणलीय." एना म्हणजे आई; सारं गाव मला तसंच हाक मारतं.

"तुमच्या तोंडून? थांबा, आधी तारल्या उलटून घेते. ऐकता ऐकता जळायच्या."

माझ्या मागं बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आन्सोनं ते गिळलं. खरंच अडलं होतं त्याचं.

मग त्यानं सांगितलं. सरकार माणसं मोजणार होतं. पाच हजारांच्या आत असलं तर खेडं, पाच हजार भरले की शहर. त्याच्या वर मोठं शहर, त्याच्याही वर महानगर. साऱ्या देशातल्या गावांची अशी उतरंड लावायची, कोण कुणाच्या वर, कोण कुणाच्या खाली. खाडीपलीकडचं दुआक्रो मागच्याच मोजणीत शहर झालं होतं आणि तेव्हापासून तिथली पोरं आमच्या पोरांना 'खेडवळ' म्हणून चिडवत होती.

"म्हणजे आमच्या मासळीसारखंच," मी म्हटलं. "मोठी तारली एका चौकटीत, मधली दुसऱ्या, आणि चुरा कोंबड्यांना."

"तेच तर! आपण चुऱ्यात आहोत, एना."

आपण. त्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"ज्या रात्रीची मोजणी धरणार, त्या रात्री माणूस जिथं झोपेल तिथं तो धरणार. तुमची वाडी घरात असली तरच पाच हजार भरतात. तेवढी एक रात्र कुणाला बाजाराला बाहेरगावी पाठवू नका. दवाखाना येईल, म्हणतात. आणि माझं काय राहिलंय आता? डोळे मिटायच्या आधी रस्त्यावरच्या पाटीवर अम्पेनाडू शहर असं लिहिलेलं बघायचंय. त्यासाठी नानांच्या मागं लागून किती चकरा मारल्या मी, तुम्हाला ठाऊक नाही."

"ठाऊक आहे. बाटली ठेवून जा. विचार करते."

विचार काय करायचा होता? माझा विचार दोन वर्षांपूर्वीच झाला होता.

एसी क्वान्सिमा ही आन्सोची थोरली बहीण आणि माझी मैत्रीण. मी बाळंतपणात तापानं फणफणले होते तेव्हा माझ्या एकोवला तिनं स्वतःच्या छातीशी लावलं. शेवटच्या आजारात ती अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्या भावाच्या घरातल्या बायकांना वासाची ओकारी यायची. तिला धुतलं-पुसलं मी. भरवलं मी. ती गेली तेव्हा एकोव म्हणाला, "एना, तिला डोक्याकडून मीच धरणार. तिचं दूध आहे माझ्या अंगात." मी जुनं लुगडं फाडून त्याच्या खांद्यासाठी चुंबळ वळली. शवपेटीच्या कडा रुततात.

सगळं गाव जमलं होतं. ढोल वाजत होते. एकोवनं पेटीच्या डोक्याकडे खांदा दिला, आणि आन्सोनं दंडाला धरून त्याला बाजूला ओढलं.

"परक्यानं प्रेताचं डोकं धरायचं नसतं," तो ओरडला. "पाहुण्यांनी आपली पायरी ओळखावी."

ढोल थांबले. चुंबळ धुळीत पडली. एकही माणूस बोलला नाही. ज्यांच्या घरी माझी मासळी फुकट जाते ते नाहीत, ज्यांची बाळंतपणं मी केली त्याही नाहीत.

आमचं कूळ आईकडून चालतं. माझ्या आजीची आई खाडीपलीकडून होडीत बसून आली, म्हणून चार पिढ्या इथं जन्मून, इथं मरून आम्ही पाहुणे. बाजारातल्या ओट्यांची वाटणी असो की विहिरीची पाळी, आमचा नंबर शेवटी. ते सगळं मी सोसलं. पण पोराचा खांदा? एकोव त्याच आठवड्यात सरहद्दीपलीकडच्या आबिजानकडे जाणाऱ्या मासेमारीच्या बोटीवर चढला. जाताना माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हापासून निरोप नाही, पैसा नाही, वाईट बातमीसुद्धा नाही.

आणि आता त्यांना माझी डोकी हवी होती. वाटताना परके, मोजताना आपले.

मोजणीच्या दिवशी उन्हं उतरायला लागली तशा मी होड्या काढायला लावल्या. आम्ही माणसं मोजत नाही, नजर लागते. होड्या मोजतो. सात भरल्या, काठोकाठ. म्हातारी, पोरं, कोंबड्यासुद्धा.

एज्यिर्बा काठावर उभी राहिली. तिची मुलगी पोटुशी होती.

"एना, राग त्या म्हाताऱ्यावर आहे ना? गावाचं कशाला वाटोळं करतेस? दवाखाना झाला असता."

"झाला असता. आणि रांगेत तुला शेवटी उभं केलं असतं."

"शेवटी तर शेवटी. रांग तरी असती."

"बस होडीत."

बसली. माझ्या घरात माझा शब्द मोडायची पद्धत नाही.

दुआक्रोच्या मुखियाला मी आन्सोचीच हिरवी बाटली दिली. त्याला कारण कळलं तेव्हा तो मांडी बडवून हसला. चटया घातल्या गेल्या, आंबवलेल्या मक्याचं केन्के आलं, तिखट आलं, तळलेले मासे आले. मला वाटत होतं, आजीच्या आईचं गाव, कुणीतरी आमचे नाक-डोळे ओळखेल. एक म्हातारी आली, माझा हात हातात घेतला. म्हणाली, "जेवा हो, संकोच करू नका. पाहुण्यांचं पोट भरलं म्हणजे आमचं भरलं."

घास माझ्या तोंडात फिरत राहिला.

सकाळी मोजणारी पोरगी आली. गळ्यात ओळखपत्र, पायात धुळीनं माखलेले बूट.

"काल रात्री इथंच झोपलात?"

"इथंच."

"हेच गाव तुमचं?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हातारी बोलली, "नाही गं, पाहुणे आहेत ते." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अम्पेनाडूचे." पोरीनं ते कुठं टिपलं देव जाणे. मग तिनं विचारलं, घरातलं कुणी परदेशी गेलेलं आहे का?

"एक आहे."

"जिवंत आहे?"

"तू लिही तर."

तिनं लिहिलं.

आकडा रेडिओवर सांगितला तेव्हा सगळं गाव नानांच्या अंगणात जमलं होतं. चार हजार नऊशे आणि वर काहीतरी. अम्पेनाडू खेडं ते खेडंच, आणि दुआक्रो उतरंडीत आणखी एक पायरी वर. आमच्या जिवावर.

आन्सो माझ्याकडे आला. या वेळी बाटली नव्हती. पाणी दिलं, त्यानं हात लावला नाही.

"सात होड्या गेल्या म्हणतात."

"गेल्या."

"माणसं किती होतात तुम्ही? एवढंच सांगा, एना. झोप येत नाही मला."

मी चौकटीवरच्या तारल्या एकेक करून उलटल्या. सगळ्या. तो उभा होता.

"आन्सो, पाहुण्यांना कोण मोजतं?"

तो पाठ फिरवून निघाला. जाताना दाराच्या चौकटीवर त्याचं डोकं आपटलं. इतक्या वर्षांत त्या दारातून वाकून जायचं असतं हे त्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले.

नातीला कळा आल्या त्या पावसाळ्यात. दुआक्रोच्या दवाखान्यात नेताना खाडीच्या मध्यावरच ती होडीत बाळंत झाली. दोघं वाचली. मी म्हटलं नशीब. त्या दिवसापासून एज्यिर्बा माझ्याशी मासळीपुरतंच बोलते.

आन्सो गेला तो पुढच्या कोरड्या दिवसांत. पाटी बदललेली न बघताच.

मी गेले. का जाऊ नये? दुखवट्याचं काळं-तांबडं नेसले, माझी सगळी माणसं घेऊन गेले आणि पाहुण्यांच्या जागी, अगदी मागं बसले. गावातली तरणी पोरं कामाला राजधानीकडे निघून गेली होती. जे शहर होत नाही तिथं पोरं कशाला थांबतील? पेटी उचलायची वेळ आली तेव्हा डोक्याकडे एकीकडे आन्सोचा भाचा कोबिना उभा राहिला आणि दुसरीकडे कुणीच नव्हतं.

कोबिना माझ्यासमोर येऊन वाकला. घामानं थबथबला होता.

"एना, तुमच्यातला एक द्या. डोक्याकडे खांदा कमी पडतोय."

ढोल थांबले. तसेच, तेव्हासारखे. सगळं गाव वळून बघत होतं. कुणीतरी म्हातारा पुटपुटला, "द्या हो एना, झालं गेलं..."

"माझी पोरं आहेत ना," मी म्हटलं. "पायाकडे धरतील. हवी तेवढी घे."

"पण डोक्याकडे..."

"परक्यानं प्रेताचं डोकं धरायचं नसतं, बाळा. तुझ्या मामानंच शिकवलं आम्हाला. आज त्याच्याच दिवशी त्याचा शब्द कसा मोडू?"

कोबिनानं मान खाली घातली. माझी पोरं उठली आणि पायाकडे गेली. डोक्याकडे शेवटी दोन म्हातारे आळीपाळीनं लागले. पेटी डोक्याकडून खाली कलली, आणि तशीच वाकडी, थांबत थांबत, रस्त्यावरच्या जुन्या पाटीखालून वळणापलीकडे गेली.

एज्यिर्बा माझ्याजवळच बसली होती. खूप दिवसांनी तिनं आपणहून तोंड उघडलं.

"कोबिनाचा खांदा सोलून निघेल, एना. तुझ्याजवळ आहे, ती तरी द्यायचीस त्याला."

चुंबळ माझ्या मांडीवर होती. त्या दिवशी धुळीतून उचलली ती, धुऊन, पुन्हा वळून ठेवलेली. एकोवच्या खांद्याच्या मापाची आहे ती. दुसऱ्या कुणाला बसणार नाही.